बिग ब्लॉकसाठी दहा क्वार्टचा मरीन ऑइल पॅन: ऑइल जागेवर ठेवतो, पण बसवण्याआधी नीट तपासावा लागतो

शेव्रोलेच्या बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या ब्लॉकच्या, व्ही-८ इंजिनांसाठी, विशेषतः बोटींमध्ये सर्रास आढळणाऱ्या ४५४ आणि ५०२ घन इंचांच्या इंजिनांसाठी, दहा क्वार्टचे म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरचे मरीन ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी भांडी, अनेक उत्पादक बनवतात. त्यांपैकी एक पूर्ण संच, ज्यात पत्र्याचा पॅन, क्रँकखाली (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याखाली) बसणारा विंडेज ट्रे, क्रँक स्क्रेपर, ऑइल पंपाची शोषणनळी म्हणजे पिकअप आणि अखंड गॅस्केट एकत्र मिळते, मी ५०२ इंजिनाच्या, खोल व्ही-तळाच्या, एकइंजिनी स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह मागे बाहेर) बोटीत बसवला आणि पूर्ण हंगाम वापरला. त्याआधी त्याच इंजिनावर बाहेरून मोठा पण आतून जवळजवळ रिकामा असलेला साधा पॅन होता, त्यामुळे तुलना करायला आधार होता. माझे मत आधीच सांगतो. हा पॅन आपले मुख्य काम चोख करतो, मात्र त्याचे श्रेय दहा क्वार्टच्या क्षमतेला नसून आत बसवलेल्या पत्र्यांना आणि झडपांना आहे. उत्पादकाने जिथे हात आखडता घेतला आहे, त्या जागा इंजिन बोटीत उतरल्यावर हाताला लागत नाहीत, म्हणून त्या आधीच पाहून घेणे भाग आहे.

पॅनचे मोल ठरवताना बोटीतले इंजिन कशातून जाते ते लक्षात घ्यावे लागते. मोटारीत पूर्ण भार काही क्षणांचा असतो. गिअर बदलतो, उतार येतो, चालक पाय काढतो, आणि तेवढ्यात वरच्या भागात अडकलेले ऑइल खाली उतरते. बोटीत पाण्याचा विरोध सुटतच नाही. मिनिटाला ४५०० ते ५२०० फेऱ्यांवर इंजिन सलग चालते आणि सगळा वेळ चढ चढत असल्यासारखेच राबते. सिलिंडर हेड, लिफ्टरची दरी आणि क्रँकच्या भोवतीची हवा या तिन्ही ठिकाणी ऑइल साठते, आणि पॅनमध्ये प्रत्यक्षात किती उरले आहे हे चालू इंजिनावर कोणालाच दिसत नाही. थांबलेल्या इंजिनावर डिपस्टिक पूर्ण भरलेली दिसते, पण भर वेगात पिकअपच्या डोक्यावर जेमतेम दोन बोटे ऑइल असू शकते.

त्यात कलाची भर पडते. बोट प्लेनवर, म्हणजे वेगामुळे पाण्यावर उचलली जाऊन, चालत असताना नाक साधारण तीन ते पाच अंश वर असते. पॅनची लांबी ५०० मिलिमीटर धरली, तर पाच अंशांच्या कलाने दोन टोकांच्या पातळीत सुमारे ४४ मिलिमीटरचा फरक पडतो. हा फरक स्थिर असतो आणि मागे संप, म्हणजे खोल भाग, असलेल्या पॅनला तो सोयीचाच ठरतो, कारण ऑइल फ्लायव्हीलच्या बाजूला, म्हणजे पिकअपकडेच, जमा होते. खरी परीक्षा थ्रॉटल एकदम मिटल्यावर होते. बोट प्लेनवरून खाली बसते, पाणी तिला मागे खेचते, नाक खाली येते, आणि ऑइल वेगाने टायमिंग कव्हरकडे, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाकडे, धावते. मंदन गुरुत्वाच्या केवळ ०.३ पट मानले, तरी त्याच ५०० मिलिमीटर लांबीत पातळीचा फरक १५० मिलिमीटर होतो. उथळ पॅनमध्ये याचा अर्थ मागचा संप उघडा पडणे एवढाच आहे. इंजिन त्या वेळी अजून जोरात फिरत असते. ५००० फेऱ्यांचा हिशोब धरला तर क्रँक सेकंदाला ८३ वेळा फिरतो, म्हणून अर्धा सेकंद जरी पिकअपने हवा ओढली, तरी चाळीसहून अधिक फेऱ्यांना पुरणारे ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचायचे राहते. मोटारीच्या पॅनची नुसती खोली वाढवून त्याला मरीन म्हणणाऱ्या उत्पादकांना हा मुद्दा कळलेला नसतो, किंवा कळूनही त्यांनी तो सोडून दिलेला असतो.

या संचातील पॅनची आतली बांधणी त्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली आहे. पुढचा उथळ भाग आणि मागचा खोल संप यांच्यामध्ये पूर्ण रुंदीचा उभा पत्रा आहे आणि त्यात तळाशी दोन झडपा आहेत. झडपा फक्त संपाच्या दिशेने उघडतात. ऑइल पुढून मागे येताना त्या ढकलल्या जातात आणि उलट धाव घेऊ लागताच आपोआप मिटतात. संपाच्या वर आडवा पत्रा आहे, ज्यात परतीसाठी जागा मोकळी ठेवली आहे आणि पिकअपची नळी जाण्यापुरता काप आहे. मला या आडव्या पत्र्याचे महत्त्व उभ्यापेक्षाही जास्त वाटते. बोट लाटेवरून सुटून हवेत जाते तेव्हा प्रॉपेलरवरचा भार नाहीसा होतो, फेऱ्या उसळतात, चालवणारा थ्रॉटल मिटतो, आणि नेमके त्याच क्षणी वजनहीन झालेले ऑइल तळ सोडून वर उठू पाहते. उभ्या पत्र्याचा आणि झडपांचा तिथे काही उपयोग नसतो. वरचे झाकणच ऑइल पिकअपच्या आसपास राखते. कमी दर्जाच्या पॅनमध्ये हे झाकण एक तर नसते किंवा त्याला इतका मोठा काप असतो की ते असून नसल्यासारखे होते.

झडपांकडे हातात घेऊन पाहावे. माझ्या पॅनमध्ये त्या पातळ पत्र्याच्या असून बिजागरीच्या पिनेवर सैल लोंबतात. बोटाने हलवल्यावर त्या कुठेही न अडकता परत पडल्या पाहिजेत आणि मिटल्यावर खालची कड पॅनच्या तळाला जवळजवळ टेकली पाहिजे. एक झडप छान पडत होती. दुसरीच्या पिनेपाशी वेल्डिंगचा बारीक मणी साचला होता, त्यामुळे ती अर्ध्यावर थांबत असे. कानशीने तो मणी काढायला फार वेळ लागला नाही, पण तो तसाच राहिला असता तर अर्धी उघडी झडप प्रत्येक वेळी थ्रॉटल मिटल्यावर ऑइल पुढे सोडत राहिली असती आणि बाहेरून त्याचा मागमूसही लागला नसता. पॅन नवा असला तरी आतून केरोसीनने धुऊन, चुंबक फिरवून, वेल्डिंगचे कण काढल्याशिवाय बसवू नये. हे कण थेट पिकअपच्या जाळीकडे जातात, आणि जाळीतून सुटलेला बारीक कण पंपाच्या दात्यांमध्ये अडकतो.

पाण्यावरचा फरक लगेच जाणवला. प्रेशर सेन्सर लॉगरला जोडलेला असल्याने नुसत्या काट्यावर विसंबायची गरज पडली नाही. डॅम्प केलेला, म्हणजे मुद्दाम संथ केलेला, काटा अर्ध्या सेकंदाची घसरण बहुतेक वेळा दाखवतच नाही. बिग ब्लॉकवर प्रत्येक हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय (दाबाचे एकक) हा जुना ठोकताळा आजही वापरला जातो, आणि सपाट पाण्यावर सरळ चालताना जुना पॅनही तो पाळत होता. थ्रॉटल झटक्यात मिटल्यावर मात्र जुन्या पॅनवर दाबाच्या आलेखात खोल दरी दिसे, आणि ती दरी फेऱ्या उतरण्याच्या आधी येत असे. फेऱ्या कमी झाल्या म्हणून दाब उतरणे स्वाभाविक आहे, पण फेऱ्या वर असतानाच दाब पडणे म्हणजे पिकअपने हवा घेतल्याची खूण आहे. नव्या पॅनवर दाब फेऱ्यांच्या मागोमाग उतरतो, त्यांच्या आधी नाही. याच एका गोष्टीसाठी मी हा संच पुन्हा घेईन. लाटांमध्ये, सलग उसळ्या घेताना, आलेखात अधूनमधून बारीक कंप अजूनही दिसतात. ते गंभीर वाटत नाहीत, तरी ते नाहीसे झाले असे म्हणणे खरे ठरणार नाही.

वळणांच्या बाबतीत जाहिरातीत जे श्रेय पॅनला दिले जाते, ते बऱ्याच अंशी हलला, म्हणजे बोटीच्या सांगाड्याला, द्यायला हवे. खोल व्ही-तळाची बोट वळताना आतल्या बाजूला कलते, त्यामुळे बाहेर फेकणारा जोर आणि गुरुत्व यांची बेरीज जवळपास पॅनच्या तळाकडेच रोखलेली राहते आणि ऑइल बाजूला फारसे सरकत नाही. माझ्या बोटीत जुन्या पॅनवरही वळणावर दाब विशेष पडत नव्हता. सपाट तळाच्या किंवा टनेल हलच्या (तळाला मधोमध पोकळी असलेल्या) बोटी मात्र जवळजवळ न कलता वळतात, आणि त्यांच्यात ऑइल सरळ पॅनच्या बाहेरच्या भिंतीवर चढते. तशा बोटीसाठी पॅन घेताना संपाच्या दोन्ही बाजूंना झडपा आहेत का हे पाहावे. या संचात बाजूच्या झडपा नाहीत, फक्त स्थिर पत्रे आहेत, म्हणून टनेल हलवाल्यांनी हा पॅन घेऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आता ट्रे आणि स्क्रेपरविषयी. ५०२ च्या क्रँकचा स्ट्रोक ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर आहे. ४५४ चाही तेवढाच. एवढे जड काउंटरवेट आणि रॉडची टोके ५००० फेऱ्यांवर फिरू लागली की बेअरिंगमधून सतत बाहेर पडणारे ऑइल खाली पडण्याऐवजी क्रँकभोवती दोरीला पीळ बसावा तसे गुंडाळले जाते. ते ऑइल पॅनमध्ये नसते, त्यात हवा मिसळते, आणि क्रँकला ते ओढत फिरवावे लागल्यामुळे शक्तीही वाया जाते. हवा मिसळलेले ऑइल दाबले जाते, त्यामुळे हायड्रॉलिक लिफ्टर नीट भरलेले राहत नाहीत आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ होतो. विंडेज ट्रे क्रँक आणि साठलेले ऑइल यांच्यात आडोसा उभा करतो. स्क्रेपर क्रँकच्या अगदी जवळून धारेसारखा जाऊन गुंडाळलेले ऑइल खरवडून काढतो. या संचातील ट्रे तिरप्या खाचांचा आहे. त्याच्या खाचांच्या कडा क्रँकच्या फिरण्याच्या दिशेला सामोऱ्या ठेवल्या आहेत, म्हणजे उडून आलेले ऑइल खाचेत शिरते आणि खाली पडते, पण खालचे वर येत नाही.

म्हणूनच फिरण्याची दिशा इथे निर्णायक ठरते. नेहमीचे बिग ब्लॉक समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, आणि क्रँक ऑइल इंजिनाच्या उजव्या अंगाला फेकतो; स्क्रेपर आणि पॅनचा बाजूला काढलेला फुगवटा त्याच अंगाला असतो. जुन्या दुइंजिनी इनबोर्ड बोटींमध्ये दोन प्रॉपेलर परस्परविरुद्ध फिरावेत म्हणून एक इंजिनच उलटे फिरणारे बसवत असत. तशा इंजिनावर हा ट्रे आणि स्क्रेपर बसवल्यास खाचा उलट्या पडतात आणि स्क्रेपर चुकीच्या अंगाला येतो. संचासोबतच्या कागदात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. ज्या स्टर्नड्राइव्हमध्ये दिशा ड्राइव्हमध्येच बदलली जाते, तिथे दोन्ही इंजिने एकाच दिशेने फिरतात आणि हा प्रश्न उद्भवत नाही.

ट्रे मेन कॅपच्या (क्रँकचे बेअरिंग धरणाऱ्या कॅपच्या) स्टडवर बसतो आणि त्यासाठी लांब आट्यांचे स्टड लागतात, ते संचात येत नाहीत. बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून प्रत्येक रॉडच्या बोल्टपाशी फट मोजावी. मूळ ४ इंची स्ट्रोकवर मला सगळीकडे पुरेशी जागा मिळाली. स्ट्रोक वाढवलेल्या, म्हणजे सव्वाचार इंच किंवा त्याहून मोठ्या क्रँकवर ट्रे घासण्याची दाट शक्यता आहे, आणि स्पेसर वापरून तो खाली घेतल्यास पॅनच्या आडव्या पत्र्याशी त्याचे जमते का हे पुन्हा पाहावे लागते. स्क्रेपरची धार क्रँकपासून सुमारे दीड मिलिमीटरवर असावी. तो कारखान्यातून जास्त सोडून दिलेला येतो आणि कानशीने घासून आपल्या क्रँकशी जुळवायचा असतो, असे त्यांनी लिहिले आहे आणि ते रास्त आहे, कारण कोणतेही दोन क्रँक अगदी सारखे नसतात.

पिकअप हा या संचातला सर्वांत कच्चा भाग आहे. नळी जाड आहे, जाळी मोठ्या क्षेत्रफळाची आहे, इथवर ठीक. पण नळी पंपात नुसती ठोकून बसवायची आहे आणि तिला आधार देणारी पट्टी दिलेली नाही. मोटारीत एवढे चालून जाते. बोटीत प्रत्येक लाटेवर आपटताना त्या लांब नळीच्या टोकाला असलेले जाळीचे वजन पंपाच्या तोंडाशी नळीला हलवत राहते, आणि एक दिवस ती सैल होते. सैल झालेली नळी गळून पडली तर इंजिन संपलेच, आणि नुसती सैल झाली तर फटीतून हवा ओढत राहते, ज्याचे कारण शोधणे आणखी अवघड. पंपातील प्रेशर रिलीफची स्प्रिंग काढून, पंप थंड ठेवत, नळीला दोन-तीन ठिकाणी ब्रेझिंगचा टाका द्यावा आणि जाळीपासून मेन कॅपच्या बोल्टपर्यंत एक पोलादी पट्टी घ्यावी. मी दोन्ही केले. हे काम गिऱ्हाइकावर सोडण्याचे काही कारण नव्हते. पट्टी संचातच यायला हवी होती.

पिकअप आणि पॅनचा तळ यांच्यातली फट सहा ते दहा मिलिमीटरच्या दरम्यान हवी. कमी झाली तर पिकअपचा श्वास कोंडतो, जास्त झाली तर तळाचे ऑइल उपयोगाला येत नाही आणि क्षमता कागदावरच राहते. ती मोजायची सोपी रीत म्हणजे जाळीवर मऊ चिकणमातीचा गोळा ठेवून, गॅस्केटसह पॅन चार बोल्टांवर आवळून, पुन्हा काढून दबलेल्या मातीची जाडी मोजणे. माझ्याकडे ती बारा मिलिमीटरच्या पुढे निघाली. नळी किंचित वाकवून ती आठवर आणली. पॅन आणि पिकअप एकाच उत्पादकाचे असूनही एवढा फरक निघत असेल, तर वेगवेगळ्या ठिकाणांहून भाग जमवणाऱ्यांनी हे मोजमाप कदापि टाळू नये.

पंप मी साध्या प्रवाहाचाच ठेवला. अनेकजण मोठा पॅन घेतला की जास्त प्रवाहाचा पंपही घेतात, आणि त्यामागचा तर्क मला पटत नाही. बेअरिंगमधील फट नेहमीची असेल तर जादा प्रवाह रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरतो, ऑइल तापवतो आणि डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरवर अकारण भार टाकतो. परतीचे मार्ग सुधारलेले नसतील तर तोच पंप पॅनमधले ऑइल अधिक वेगाने रॉकर कव्हरमध्ये, म्हणजे हेडवरच्या झाकणात, नेऊन ठेवतो. मुद्दाम सैल फटींवर बांधलेल्या शर्यतीच्या इंजिनाची गोष्ट वेगळी.

परतीच्या मार्गांचा प्रश्न पॅन बदलून सुटत नाही हेही सांगितले पाहिजे. नाक वर करून चालणाऱ्या बोटीत हेडमधले ऑइल मुख्यतः मागच्या छिद्रांतूनच उतरू शकते, आणि त्याच छिद्रांतून खालून वर येणारे ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटलेले) वायू त्याला अडवतात. या पॅनला संपाच्या भिंतीत, ऑइलच्या पातळीच्या वर, बाहेरून येणाऱ्या परतीच्या नळ्यांसाठी दोन आट्यांच्या बैठका वेल्ड केलेल्या आहेत. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यांतून नळ्या आणून तिथे जोडता येतात. ही सोय चांगली आहे आणि बैठकांची जागाही बरोबर निवडली आहे, कारण त्या क्रँकच्या फेकीच्या तोंडावर येत नाहीत. ब्रीदरची नळी फ्लेम अरेस्टरपर्यंत (ज्वाळा अडवणाऱ्या जाळीपर्यंत) नेलेली असावी, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, उघडी सोडलेली नसावी, हे पेट्रोल इंजिनवाल्यांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

डिपस्टिकने मला सर्वांत जास्त निराश केले. संचासोबत आलेल्या पट्टीवर उत्पादकाच्या टेबलावर, इंजिन समतल धरून, खुणा केलेल्या आहेत. बोटीत इंजिन कधीच त्या स्थितीत नसते. त्या खुणांवर भरवसा ठेवून भरले असते तर पॅन जरुरीपेक्षा भरला असता आणि क्रँक ऑइलमध्ये बुडून ट्रे-स्क्रेपरचा सगळा लाभ वाया गेला असता. म्हणून बोट पाण्यात, नेहमीचे इंधन आणि सामान भरून, स्थिर असताना मोजून ऑइल ओतले, इंजिन चालवून फिल्टर, कूलर आणि नळ्या भरू दिल्या, थांबवून ऑइल उतरायला वेळ दिला, आणि मग पट्टीवर कानशीने नवी खूण केली. ट्रेलरवर उभ्या बोटीत ही खूण करू नये, कारण ट्रेलरचा कल आणि पाण्यावरचा कल यांचा काही संबंध नसतो. दहा क्वार्ट हा आकडा पॅनचा आहे. फिल्टर, कूलर आणि लांब नळ्या धरून माझ्या बोटीत बाराच्या आसपास ऑइल बसते, आणि खरेदी करताना हा हिशोब धरावा.

ऑइल काढण्याची सोय मात्र उत्तम आहे. बोटीत पॅनच्या खाली हात घालायला जागा नसते, त्यामुळे बहुतेकांना डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढावे लागते आणि तळाचा गाळ तसाच मागे राहतो. या पॅनच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, मागच्या बाजूला, ड्रेनची बैठक आहे. तिला नळी जोडून ती ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) ड्रेन प्लगमधून बाहेर काढता येते आणि गरम ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत निघते. शेजारीच तापमानाच्या सेन्सरसाठी वेगळी बैठक आहे. ती संपात, पिकअपच्या जवळ आहे, त्यामुळे बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलचे खरे तापमान कळते.

हे तापमान बघू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी मोठा पॅन घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. बाहेरचे पाणी थेट फिरवून थंड होणारी इंजिने मुळातच थंड चालतात. खाऱ्या पाण्यात क्षार साचू नयेत म्हणून थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारे बसवतात, आणि ऑइल कूलरमधूनही तेच थंड पाणी जाते. त्यात ऑइलचे प्रमाण दुपटीवर नेले तर ते तापायला आणखी वेळ लागतो. ऑइलमध्ये मिसळलेले पाणी आणि इंधन उडून जायला ते भरपूर तापावे लागते. संपात साधारण ९० ते ११५ अंश असावे असे मी मानतो. थोड्या वेळाच्या फेऱ्यांमध्ये माझे ऑइल ७० च्या पुढे जात नव्हते आणि रॉकर कव्हरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसू लागली होती. कूलरला थर्मोस्टॅटची बायपास बैठक लावल्यावर तापमान जागेवर आले आणि साय गेली. ऑइल पुरेसे गरम होईपर्यंत ते कूलरकडे न पाठवणारी ही छोटी वस्तू मोठ्या पॅनसोबत अनिवार्य समजावी. ऑइल मी मरीन वापरासाठीच्या एफसी-डब्ल्यू प्रमाणपत्राचे, २५डब्ल्यू-४० घालतो. गंजापासूनचे संरक्षण हा त्या प्रमाणपत्रातील महत्त्वाचा भाग आहे.

गंजाचा विषय निघालाच आहे, तर पॅनच्या बाहेरील लेपाबद्दल. तो पावडर कोटिंगचा, काळा, दिसायला सुरेख आहे. बिल्जमधले पाणी पॅनच्या तळाला कधी ना कधी लागतेच, आणि पावडर कोटिंगला बोल्टच्या कडेशी टवका उडाला की गंज लेपाच्या खालून पसरतो आणि वर काही दिसत नाही. हंगामाच्या शेवटी दोन कोपऱ्यांवर फुगवटे दिसले. खरवडल्यावर खाली तांबूस पत्रा होता. गंज खोल गेलेला नव्हता, पण गोड्या पाण्यातल्या बोटीत एका हंगामात एवढे झाले असेल तर खाऱ्या पाण्यात काय होईल याचा अंदाज करता येतो. खाऱ्या पाण्यासाठी अॅल्युमिनियमचा पॅन घ्यावा आणि त्याला स्टेनलेसचे बोल्ट लावताना आट्यांना विलगीकरणाची पेस्ट लावावी, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने अॅल्युमिनियम झिजत जाते. पत्र्याचाच पॅन घ्यायचा असेल तर बोल्टच्या कडा आणि वेल्डिंगचे सांधे एपॉक्सीच्या मरीन प्रायमरने आधीच झाकावेत.

गॅस्केटला मात्र पूर्ण गुण देतो. रबरात स्टीलचा गाभा असलेले ते अखंड गॅस्केट आहे, बोल्टपाशी धातूची नळकांडी असल्याने जास्त आवळून चेंगरत नाही, आणि हंगामभर कुठेही ओल आली नाही. पुढच्या-मागच्या कमानींच्या चारही कोपऱ्यांवर सीलंटचा बारीक ठिपका दिला होता, बाकी कोरडेच बसवले.

हा संच कोणासाठी आहे? व्ही-तळाची स्टर्नड्राइव्ह बोट, इंजिनाचे टायमिंग कव्हर नाकाकडे, फेऱ्या साधारण ५८०० पर्यंत, आणि चालवणारा लाटांमध्ये उडणारा पण शर्यत न लावणारा, अशा मालकाला मी हा निःसंकोच सुचवेन. व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन उलटे, फ्लायव्हील नाकाकडे ठेवून बसवलेले असते. तिथे नाक वर झाले की ऑइल टायमिंग कव्हरकडे जाते आणि हा मागच्या संपाचा पॅन ऐन जोराच्या वेळी रिकामा पडतो. त्यांनी संप आणि पिकअप दुसऱ्या टोकाला असलेला पॅनच घ्यावा. ज्यांच्या आलेखात असा पॅन बसवूनही क्षणिक दऱ्या उरतात, त्यांना दाबाखाली ऑइल साठवणारा अॅक्युम्युलेटर, कँटनच्या अॅक्युसंपसारखा, हा मधला मार्ग आहे. दाब पडताच त्यातील ऑइल गॅलरीत सुटते आणि ते अर्धे सेकंद भरून निघते. शिवाय इंजिन सुरू करण्याआधी बेअरिंगला ऑइल देता येते, हा फायदा वेगळाच. सुपरचार्जर लावून सतत ६००० च्या वर चालवणाऱ्यांनी आणि सलग उसळ्या घेत जाणाऱ्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीच्या बोटींनी मोठ्या पॅनवर पैसा न घालता सरळ ड्राय संपकडे जावे. तिथे पॅनमधले ऑइल अनेक टप्प्यांचा पंप ओढून उभ्या टाकीत नेतो, तिथे हवा सुटते, आणि टाकीच्या तळातून दाबाचा पंप भरलेले ऑइल घेतो. बोट कशीही कलली तरी पिकअप उघडा पडण्याचा प्रश्नच राहत नाही. नळ्या, टाकी आणि पट्टा यांची देखभाल वाढते, आणि बोटीत त्यांना जागाही शोधावी लागते.

मागणी नोंदवताना ब्लॉकची पिढी नक्की करून सांगावी. १९६५ ते १९९० च्या मार्क फोर ब्लॉकला क्रँकच्या मागच्या टोकाचे मेन सील दोन तुकड्यांचे आहे, तर १९९१ पासूनच्या जेन फाइव्ह आणि १९९६ पासूनच्या जेन सिक्स ब्लॉकला ते अखंड आहे. दोन्हींच्या पॅनच्या मागच्या कमानी वेगळ्या आहेत, एकाचा पॅन दुसऱ्याला बसत नाही, आणि बोटींमध्ये इंजिने इतक्या वेळा बदललेली असतात की बोटीच्या वर्षावरून ब्लॉकचा अंदाज बांधण्यापेक्षा ब्लॉकच्या मागच्या कडेवरचा ओतीव क्रमांक वाचावा.